त्यांनी ‘छल’ लिहिलं, माहेरी ‘छळ’ वाचला

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते असं:

“ताई, माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवरा मूळचा जबलपूरचा, सहा वर्षांपासून पुण्यात आहे. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. लग्नाच्या दीड वर्ष आधी बाबांच्या बायपाससाठी मी ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं. मुदत पाच वर्षं, हप्ता महिन्याला ११ हजारांच्या आसपास. तो माझ्या पगारातून जातो. यांना हे कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. मागच्या महिन्यात घरासाठी दोघांनी मिळून कर्जाचा अर्ज केला. बँकेतल्या माणसाने सिबिलचा अहवाल पुढे ठेवून विचारलं, ‘मॅडमचं एक लोन चालू आहे ना?’ हे तिथे काहीच बोलले नाहीत. रात्री दोन्ही घरांच्या मिळून असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘पैसों की बात नहीं है, पर मेरे साथ छल हुआ है।’ माझ्या दादाने लगेच उत्तर दिलं, ‘आमच्या घरात कुणी कुणाचा छळ करत नाही. जपून बोला.’ हे ग्रुपमधून बाहेर पडले. आठ दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं. बाबा म्हणतात, जावई आपल्या पोरीवर छळाचा आळ घेतोय, वकिलाला विचारून ठेवू. मी यांना विचारलं की मी तुमचा कसला छळ केला, तर ते नुसते बघत राहिले. ताई, छल म्हणजे नक्की काय? मराठीत त्याला काय म्हणायचं? बाबांना मी लग्नाआधीच सांगितलं होतं की यांना कर्जाचं सगळं माहीत आहे. मी काय करू?”

मैत्रिणी, तुला ‘अगं’ म्हणते, रागावू नकोस. वयाने मी तुझ्या आईच्या जवळची असेन.

तू विचारलेल्या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण आठ दिवसांचा निम्मा अबोला त्यातून आला आहे. उरलेल्या निम्म्याकडे नंतर येते.

हिंदीत ‘छल’ म्हणजे फसवणं, भुलवून, खरं झाकून एखाद्याला चुकीच्या समजुतीत ठेवणं. मराठीत ‘छळ’ म्हणजे त्रास देणं, जाच करणं. शब्द एकच, संस्कृतातून दोन्हीकडे आलेला, पण दोन घरी दिलेल्या जुळ्या बहिणींसारखे त्यांचे संसार वेगळे झाले. तुझ्या नवऱ्याने ‘ल’ लिहिला. तुझ्या माहेरच्यांनी तो डोळ्यांनी ‘ल’ वाचला आणि मनात ‘ळ’ केला. यात त्यांचीही चूक नाही. हिंदीतलं कमल आपलं कमळ, फल म्हणजे फळ, काल म्हणजे काळ, हे आपण लहानपणापासून न शिकवता करत आलो आहोत. हिंदी वाचताना मराठी माणूस ‘ल’चा ‘ळ’ करतो तो इतक्या सहज, की आपण काही बदललं हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

बरं, तुझ्या नवऱ्याने ‘धोखा’ लिहिलं असतं तरी गोंधळ टळला नसता. हिंदीतला धोखा म्हणजे दगा, आपल्याकडे धोका म्हणजे संकटाची शक्यता. घाटातल्या वळणावर ‘पुढे धोका आहे’ ही पाटी वाचून कुणी दगा देणार आहे असं आपल्याला वाटत नाही. मला तर वाटतं, त्यांनी ‘धोखा’ हा शब्द जाणूनबुजून टाळला असावा. नवरा-बायकोच्या बाबतीत हिंदीत ‘धोखा दिया’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा तिसरं माणूस येतं. दोन्ही घरांसमोर तुझ्यावर तसला संशयही येऊ नये म्हणून त्यांनी छल निवडला असेल, तर रागाच्या भरातही त्यांनी तुला जपलं. हा माझा अंदाज आहे. त्यांना विचारून बघ.

आता दादाचं उत्तर तुझ्या नवऱ्याच्या बाजूने वाच. इथे मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले. दादाने लिहिलं, ‘आमच्या घरात कुणी कुणाचा छळ करत नाही.’ जबलपूरच्या माणसाने यातल्या ‘ळ’चा ‘ल’ केला असणार, जसा आपण ‘ल’चा ‘ळ’ केला. त्यांना दिसलं ते असं: आमच्या घरात कुणी कुणाला फसवत नाही. म्हणजे सकाळी बँकेत परक्या माणसासमोर जे उघडं पडलं, ते रात्री सासरच्या माणसाने सरळ नाकारलं, आणि वर जपून बोलायची ताकीद दिली. ते ग्रुपमधून बाहेर पडले यात मला नवल वाटत नाही. त्यानंतर तू विचारलंस, ‘मी तुमचा कसला छळ केला?’ त्यांच्या कानाला ते ‘मी कसलं फसवलं?’ असं लागलं असणार. ते नुसते बघत राहिले ते म्हणूनच.

बाबांच्या वकिलाच्या गोष्टीचंही इथेच सांगून टाकते. कायद्यातही हे दोन शब्द अगदी वेगळ्या खोल्यांत राहतात. ज्याला आपण सगळे ‘चारसोबीस’ म्हणतो त्या कलम ४२० साठी भारतीय दंड संहितेच्या हिंदी मजकुरात शब्द होता ‘छल’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे तो गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला, हिंदीत शब्द तोच. मराठी बातम्यांत ‘विवाहितेचा छळ’ असं आपण वाचतो ते मात्र १९८३ मध्ये आलेलं ४९८-अ, आता कलम ८५. ते नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोला क्रूरपणे वागवण्याबद्दल आहे. नवऱ्याने बायकोविरुद्ध लावायचं ते कलमच नव्हे. कामाच्या ठिकाणच्या ज्या वागणुकीला आपण लैंगिक छळ म्हणतो, तिला हिंदीत उत्पीड़न म्हणतात, छल नाही. म्हणजे बाबांना ज्या आळाची भीती वाटते तो आळ जावयाने घेतलेलाच नाही. दुखावलेल्या माणसाने घरच्या माणसांसमोर एक वाक्य लिहिलं, एवढंच घडलं आहे. त्यात वकील आणू नका. वकील आला की शब्दांची भांडणं कागदावर जातात आणि मग कुणाला मागे घ्यावंसं वाटलं तरी घेता येत नाहीत.

मराठीत हा शब्द फसवण्याकडून त्रासाकडे कसा गेला, याचा मी बराच विचार केला आहे. माझी आत्या ग्वाल्हेरला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात तिने सासूबाईंचं एक वाक्य कळवलं होतं, ‘बहू, हमसे छल मत करना.’ आजीने ते वाचून दोन दिवस जेवण टाकलं. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात ‘आमचा छळ करू नकोस’ म्हणणारी सासू कसली, म्हणून. खरं तर त्या माउलीने ‘आमच्यापासून काही लपवू नकोस’ एवढंच म्हटलं होतं. आत्याने उलगडा केला तेव्हा आजी रडली होती. मी तेव्हा शाळेत होते, पण तेव्हापासून हा शब्द माझ्या मनात राहिला.

संस्कृतात छल म्हणजे कपटच. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतो, ‘द्यूतं छलयतामस्मि’, फसवणाऱ्यांमधला जुगार मी. आपल्या बोलण्यातही तो जुना अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात टिकून आहे. आणि बळीराजाची गोष्ट आठव. वामनाने तीन पावलं जमीन मागितली, बटूचं रूप घेतलं आणि दोन पावलांत सगळं व्यापलं. कीर्तनात म्हणतात, ‘वामनाने बळीला छळलं.’ इथे छळलं म्हणजे काय? रूप बदलून भुलवलं, हेही खरं, आणि राज्य काढून घेऊन पाताळात धाडलं, हेही खरं. विश्वामित्राने हरिश्चंद्राला छळलं, कलीने नळाला छळलं, या गोष्टींतही तसंच. देवाऋषींनी घातलेला पेच आणि त्यापायी भोगलेले हाल एकाच शब्दात येत राहिले. ऐकणाऱ्या बायाबापड्यांना हाल जास्त जवळचे वाटले असावेत, आणि हळूहळू शब्दात हालच उरले, पेच मागे पडला. हे माझं म्हणणं, भाषेचे अभ्यासक कदाचित आणखी काही सांगतील. पण आजही पाडव्याला आपल्या गावाकडे बाया ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून ओवाळतात, तेव्हा फसवल्या गेलेल्याची बाजू आपण अजून सोडलेली नाही असं मला वाटतं. (बेळगावकडच्या वाचकांना ठाऊक असेल, कन्नडमध्ये हाच छल म्हणजे जिद्द, निर्धार. तिकडे तो कौतुकाचा शब्द झाला.)

मग तुझ्या नवऱ्याच्या वाक्याचं मराठी काय करायचं? आपल्याकडे या वागण्याला शब्दांचा तोटा नाही, आणि प्रत्येकाचं वजन निराळं आहे. ‘लबाडी’ तर लाडानेही म्हणता येते. आजोबांच्या खिशातली गोळी पळवणाऱ्या नातवाला आपण ‘लबाड कुठला’ म्हणतो, आणि तोच शब्द जमिनीच्या वाटणीत सख्ख्या भावाला लावला की पिढ्यांचं येणं-जाणं थांबतं. ‘कपट’ला हेतू लागतो, मनात आधीपासून शिजवलेलं काहीतरी. ‘दगा’ आणि ‘विश्वासघात’ यांत समोरच्याचं मोठं नुकसान झालेलं असतं. ‘केसाने गळा कापणं’ हे गोड बोलून केलेलं असतं. तू यातलं काही केलं नाहीस. बाबांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलंस, त्याचा हप्ता स्वतः भरलास, कुणाकडून एक पैसा उकळला नाहीस.

त्यांच्या वाक्याला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शब्द ‘फसगत’. ‘फसवणूक’ आणि ‘फसगत’ यांत फरक आहे. ‘तिने माझी फसवणूक केली’ म्हटलं की करणारीकडे बोट जातं. ‘माझी फसगत झाली’ यात फक्त सोसणारा दिसतो. त्यांनीही ‘उसने मेरे साथ छल किया’ असं लिहिलेलं नाही, ‘मेरे साथ छल हुआ है’ असं लिहिलं आहे. तुझं नाव वाक्यात नाही. म्हणून बाबांना सांगायचं ते असं: “बाबा, त्यांनी छळाचं काही लिहिलेलं नाही. ‘पैशांचा प्रश्न नाही, पण माझी फसगत झाली’ असं लिहिलंय.”

आणि त्याच दमात पुढचं: “ते खरं आहे.”

इथून पुढचं तुला वाचायला जड जाईल, पण लिहिते, कारण तू प्रामाणिकपणे सगळं कळवलं आहेस. पत्राच्या अगदी शेवटी, ‘मी काय करू’च्या आधी एक ओळ आहे. बाबांना तू सांगितलं होतंस की यांना सगळं माहीत आहे. कर्ज सांगायचं राहून गेलं हे मी समजू शकते. नवं लग्न, पैशाची लाज, माहेरची परिस्थिती सासरी उघडी पडेल ही भीती, या सगळ्यात एक एक दिवस पुढे ढकलला जातो. त्याला मराठीत ‘अंधारात ठेवणं’ म्हणतात. पण बाबांना जे सांगितलंस ती थाप होती. त्यांनी तुझ्या शब्दावर विसंबून जावई सगळं जाणून आहे असं धरलं, आणि म्हणूनच आज त्यांना जावयाचा इतका राग येतो. त्यांच्या लेखी, सगळं माहीत असलेला माणूस दोन वर्षांनी उगाच कांगावा करतोय. दादा भडकला तोही याच समजुतीतून असणार. दोन्ही घरांना एकमेकांविषयी जे चुकीचं वाटतंय त्याची दोन टोकं तुझ्या हातात आहेत, आणि ती सोडवणारी तूच आहेस.

शब्दाचा घोळ कळल्यावर तुला हायसं वाटेल. तेव्हाच एक मोह होईल, त्यापासून मी तुला सावध करते. ‘बघा, छळ-छलचा गैरसमज होता, बाकी काही नाही’ असं म्हणून सगळंच मिटवून टाकावंसं वाटेल. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वादात वापरल्या जाणाऱ्या छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यातला पहिला वाक्छल. त्याचं उदाहरण फार जुनं आणि सोपं आहे. एक जण म्हणतो, हा माणूस ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर दिसतंय! ‘नव’चे दोन अर्थ होतात एवढ्यावर तो मूळ गोष्ट टाळून जातो. तुझ्या हाती आज असाच एक दोन अर्थांचा शब्द आला आहे. त्यावर बोट ठेवून तू सुटू शकशील, पण त्यांना जे लागलं ते तसंच राहील, आणि या वेळी मात्र छल खराच झालेला असेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नवऱ्याशी बोल, घरी, समोर बसून, त्यांच्या भाषेत. ग्रुपवर नाही, फोनवर नाही. शब्दाचा उलगडा पहिल्यांदा करू नकोस. पहिल्यांदा सांग की कर्ज कधी काढलं, किती, कशासाठी, आणि तू ते लपवलंस. ‘राहून गेलं’ म्हणू नकोस, ‘लपवलं’ म्हण. हिंदीत ‘मैंने छुपाया’. बाबांना काय सांगितलं होतंस तेही सांग, कारण ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर बँकेतला प्रसंग पुन्हा होईल. बँकेतून कर्जखात्याचा उतारा काढून जवळ ठेव. तू दिलेल्या तारखांवरून अजून साधारण १८ हप्ते उरले असावेत. म्हणजे ११ हजारांच्या हिशेबाने दोन लाखांच्या आसपास. नेमका आकडा कागदावर दिसू दे. त्यांना मध्ये काही बोलायचं असेल तर बोलू दे, चिडले तरी. बाबांच्या आजारपणाचा आधार घेऊ नकोस. ते कर्जाचं कारण आहे, लपवण्याचं नाही.

मग सांग की दादाने असं का लिहिलं. छळ म्हणजे मराठीत काय, हे समजल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरेल अशी मला आशा आहे. सहा वर्षं पुण्यात राहिलेल्या माणसाने हा शब्द बातम्यांत वाचलेलाही असेल, फक्त त्या रात्री तो त्यांना तसा आठवला नाही.

दोन्ही घरांसमोर लिहिलं ही त्यांचीही चूक झाली, असं मला वाटतं. तुम्हा दोघांतलं दुखणं त्यांनी आधी तुझ्यापाशी आणायला हवं होतं. पण हे आज सांगू नकोस. महिनाभराने, दोघांना नीट झोप लागायला लागली की सांग.

त्यानंतर बाबांना फोन कर. बायपास झालेल्या माणसाला त्रास नको म्हणून आणखी एक थाप मारायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोड. त्यांना सगळ्यात जास्त कशाने बरं वाटेल, तर आपला जावई लबाड नाही हे कळल्याने. आईलाही फोनवर घे. दादाला वेगळं सांग आणि त्याच्यावर ओरडू नकोस. तो बहिणीच्या बाजूने उभा राहिला, त्याला दिसलं तेवढ्यावरून. त्याला एवढंच म्हण की त्याच्या वाक्याचा हिंदीत काय अर्थ झाला ते समजून घे, आणि भाओजींना स्वतः फोन कर.

ग्रुपवर सगळ्यात शेवटी लिहायचं, आणि थोडकं. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं, मराठीत आणि खाली हिंदीत: “लग्नाआधीचं कर्ज मी यांच्यापासून लपवलं होतं. बाबांना मी सांगितलं होतं की यांना ते माहीत आहे, ते खरं नव्हतं. यांनी ‘छल’ लिहिलं म्हणजे ‘फसगत झाली’ असं लिहिलं, छळ नाही. दादाने ते मराठीत वाचलं. चूक माझी आहे, दोघांची नाही.” ते ग्रुपमध्ये नाहीत, म्हणून पाठवण्याआधी त्यांना दाखव. एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदल.

घराच्या कर्जाचा अर्ज बँकेत तसाच पडून असेल. तो पुढे न्यायचं तुम्ही दोघांनी ठरवलं, तर त्याच टेबलासमोर पुन्हा बसावं लागेल. त्या माणसाने विचारायच्या आधी तू तुझ्या कर्जाचा उतारा पिशवीतून काढून पुढे ठेव, आणि किती हप्ते उरलेत ते यांच्यादेखत सांग.